गाडीचा सातबारा कुणाच्या नावावर?



आज आपण गाडीच्या नोंदणीबद्दल बोलणार आहोत. आपल्या बोलीत सांगायचं तर गाडीच्या 'पासिंग'बद्दल. तुमच्यापैकी कुणीतरी आत्ताच म्हणाली असेल, "हे पुरुषमाणसांचं काम गं, आरटीओचं आणि एजंटाचं." पण आपल्या गटाची कर्ज नोंदवही उघडून बघा. पूर्वी कर्ज निघायचं शेळीसाठी, शिलाई मशीनसाठी, पिठाच्या गिरणीसाठी. आता स्कुटीसाठी निघतं, डेअरीला दूध घालायला मोटरसायकलसाठी निघतं, बाजाराला भाजी न्यायला छोट्या टेम्पोसाठी निघतं. कर्ज आपण घेतो, हप्ता आपण भरतो, सही किंवा अंगठा आपला असतो. मग गाडीच्या कागदावर काय लिहिलंय, ते आपल्याला कळायला हवं.

गाडी घेताना आपण किंमत विचारतो, रंग बघतो, लिटरला किती जाते ते विचारतो. कागदाचा विषय निघाला की म्हणतो, "ते बघतील घरचे." आणि अडचण आली की ती नेमकी कागदातच येते. म्हणून आज सावकाश, एकेक गोष्ट घेऊन बोलू.

कायदा काय म्हणतो

आपल्या देशात मोटार वाहन कायदा १९८८ सालचा आहे. त्यात २०१९ साली मोठे बदल झाले. या कायद्याचं ३९ वं कलम सांगतं की नोंदणी झाल्याशिवाय आणि नंबर लावल्याशिवाय कुणीही मोटार वाहन चालवायचं नाही. एवढ्यावर ते थांबत नाही. मालकानंही अशी गाडी दुसऱ्या कुणाला चालवू द्यायची नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. म्हणजे गाडी तुमची आणि चालवतो पुतण्या, तरी विनानोंदणीची गाडी त्याच्या हातात दिली याचा जाब तुम्हालाही विचारला जातो.

आता आपल्याकडे हमखास ऐकू येणारं वाक्य. "आम्ही कुठं हायवेला जातो? गावातल्या गावातच तर फिरवतो." कायद्यात सार्वजनिक जागा म्हणजे जिथं लोकांना जायचा-यायचा हक्क आहे ती कुठलीही जागा. वस्तीवरचा रस्ता, गावची गल्ली, आठवडी बाजाराचं मैदान, एसटीचा थांबा, हे सगळं त्यात आलं. तेव्हा गावातला रस्ता हाही रस्ताच.

मग नोंदणी कुठल्या गाडीला लागते? मोटरसायकल, स्कुटी, रिक्षा, जीप, टेम्पो, ट्रॅक्टर, सगळ्यांना. ट्रॅक्टरबाबत एक गोष्ट खूप जणींना ठाऊक नसते. ट्रॅक्टरची नोंदणी वेगळी आणि मागच्या ट्रॉलीची वेगळी. पुढं नंबर आहे म्हणून मागची ट्रॉली आपोआप कायदेशीर होत नाही. ऊस, मुरूम किंवा कडबा वाहायला ट्रॉली घेत असाल तर तिचेही कागद मागा.

पाण्याचं इंजिन बसवून गावातच तयार केलेली 'जुगाड' गाडीही यातून सुटत नाही. अशी गाडी हे मोटार वाहनच आहे, तिलाही कायदा लागू होतो, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१३ साली सांगितलं.

आणि आता विजेवर चालणारी स्कूटर. "ताई, हिला पासिंग नको, लायसन नको," असं सांगून ती विकली जाते. हे काही स्कूटरबाबत खरं आहे, सगळ्या स्कूटरबाबत नाही. मोटरची ताकद २५० वॉटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत असेल, तरच नोंदणीतून सूट मिळते. त्याहून जोरात पळणारी स्कूटर म्हणजे पूर्ण मोटार वाहन. तिला नोंदणी, विमा आणि लायसन तिन्ही लागतं. ओळखायची सोपी खूण सांगते. दुकानदार एका तोंडानं म्हणाला "पासिंग नको" आणि दुसऱ्या तोंडानं म्हणाला "चाळीस-पन्नासनं पळते", तर दोन्ही गोष्टी एकत्र खऱ्या असू शकत नाहीत. तिथं सूट असल्याचा लेखी दाखला मागा. नोंदणी लागली तरी घाबरू नका. बॅटरीवरच्या गाड्यांना नोंदणी प्रमाणपत्राची सरकारी फी २०२१ पासून माफ आहे.

नवी गाडी घेताना

नव्या गाडीचं पासिंग आता शोरूमच करून देतं. शोरूम आपल्याच राज्यातलं असेल तर नोंदणीचा अर्ज विक्रेत्यानं करायचा, असा २०१९ नंतरचा नियम आहे. शोरूममधून घेतलेली तयार गाडी तपासणीसाठी आरटीओत न्यायचीही गरज राहिली नाही.

यात नमुना २० म्हणजे नोंदणीचा अर्ज. नमुना २१ म्हणजे विक्रीचा दाखला, गाडी कुणी कुणाला विकली ते सांगणारा. नमुना २२ म्हणजे गाडी रस्त्यावर चालवायला योग्य आहे, असा कंपनीचा दाखला. त्यासोबत विमा, पत्त्याचा पुरावा आणि पॅन कार्ड. पॅन नसेल तर त्याऐवजी नमुना ६० भरून देता येतो. बँकेचं कर्ज असेल तर अर्जावर बँकेची सही लागते. हे सगळं झालं, कर भरला, की गाडीला नंबर पडतो आणि नोंदणी प्रमाणपत्र मिळतं. त्यालाच आपण आरसी म्हणतो, जुनी माणसं आरसी बुक म्हणतात.

नंबरातलं पहिलं अक्षर राज्याचं आणि पुढचा आकडा कार्यालयाचा असतो. एमएच १३ म्हणजे सोलापूर, एमएच २५ म्हणजे धाराशिव, एमएच ०९ म्हणजे कोल्हापूर. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेट लावूनच द्यावी लागते. बाजारात रंगवून घेतलेली पाटी चालत नाही. त्याआधीच्या जुन्या गाड्यांनाही आपल्या राज्यात ही प्लेट बसवून घ्यायची आहे.

अर्जावर सही करण्याआधी तीन गोष्टी स्वतःच्या डोळ्यांनी बघा. पहिली, तुमचं नाव आणि पत्ता. आपल्या बायकांचं नाव आधारवर सासरचं, पॅनवर माहेरचं, पासबुकात तिसरंच, असं असतं. हा घोळ आधी मिटवा, नंतर प्रत्येक ठिकाणी तो आडवा येतो. दुसरी, चेसिस नंबर आणि इंजिन नंबर. हे आकडे गाडीवर कोरलेले असतात. ते कागदाशी जुळतात का, हे शोरूममध्येच ताडून बघा. अक्षर लागत नसेल तर शाळेत जाणाऱ्या लेकीला सोबत न्या. तिसरी, मोबाइल नंबर. तो एजंटाचा किंवा दुकानातल्या पोराचा नको, तुमचाच हवा. पुढं ओटीपी त्याच नंबरवर येतो आणि चलन फाटलं तर निरोपही तिथंच येतो.

आता मुहूर्ताचं. पाडव्याला किंवा दसऱ्याला गाडी दारात यावी, हार घालावा, पेढे वाटावेत, ही हौस मला मान्य आहे. पण आपण पैसे भरतो आदल्या दिवशी आणि गाडी मागतो दुसऱ्या दिवशी. मग बिननंबराची गाडी घरी येते आणि पुढचे पंधरा दिवस तशीच फिरते. कायदा सांगतो की असा अर्ज झालेली नवी गाडी नंबर लागल्याशिवाय विक्रेत्यानं ताब्यात द्यायचीच नाही. तेव्हा मुहूर्त साधायचा असेल तर पैसे आणि कागद पुरेसे आधी द्या, म्हणजे सणाला गाडी नंबरासकट येईल.

परराज्यातून गाडी आणायची असेल किंवा टेम्पोची मागची बॉडी बांधून घ्यायची असेल, तर तात्पुरता नंबर मिळतो. त्यावर शेवटची तारीख लिहिलेली असते. ती तारीख संपली की गाडी कायद्याच्या नजरेत पुन्हा बिननोंदणीची होते. ही तारीख घरच्या कॅलेंडरवर लाल पेनानं लिहा. कशासाठी, ते आता सांगते.

नोंदणी नाही, तर विमाही हातचा जातो

बिननोंदणीची गाडी पकडली तर पहिल्या वेळी २,००० ते ५,००० रुपये दंड आहे. दुसऱ्या वेळी ५,००० ते १०,००० रुपये, किंवा एक वर्षापर्यंत कैद, किंवा दोन्ही. दंड मोठाच आहे. पण त्याहून मोठा फटका विम्यात बसतो.

सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल ऐका. एकात गाडीचा तात्पुरता नंबर संपला होता, कायमची नोंदणी झाली नव्हती, आणि तशातच अपघात झाला. विमा चालू होता, हप्ता भरलेला होता. तरीही २०१४ साली न्यायालयानं सांगितलं की नोंदणी नसताना गाडी रस्त्यावर आणणं हा विम्याच्या अटींचाच मूलभूत भंग आहे. मालकाला नुकसानभरपाई मिळाली नाही. दुसऱ्या प्रकरणात नवी गाडी होती आणि तिच्याही तात्पुरत्या नंबराची मुदत संपलेली होती. मालक गाडी घेऊन परगावी गेला, मुक्कामाच्या ठिकाणी बाहेर गाडी लावली, सकाळी बघतो तर गाडी चोरीला गेलेली. २०२१ साली न्यायालयानं तेच सांगितलं. नोंदणी नसलेली गाडी रस्त्यावरून नेली, म्हणून चोरीचे पैसे नाहीत.

हे आपल्या घरात आणून बघा. समजा गटातल्या एका ताईनं बँकेचं कर्ज काढून टेम्पो घेतला. बॉडी बांधून झाली, सीझन तोंडावर आला. घरचे म्हणाले, "पासिंगला वेळ जाईल, तोवर दोन फेऱ्या मारू." त्या दोन फेऱ्यांत टेम्पो उलटला. टेम्पो मोडला, विम्याचे पैसे बुडाले, आणि बँकेचा हप्ता मात्र दर महिन्याला ठरल्या तारखेला हजर. समोरचा माणूस जखमी झाला असेल तर त्याच्या भरपाईचा बोजाही शेवटी मालकाच्याच डोक्यावर येतो. दोन फेऱ्यांचं भाडं किती आणि नुकसान किती, हा हिशेब आपल्यापैकी प्रत्येकीला येतो. रोज आपण हेच तर करतो.

नोंदणीबरोबर विमा लागतोच. समोरच्याला इजा झाली तर त्याची भरपाई देणारा विमा, ज्याला थर्ड पार्टी म्हणतात, तो नसेल तर पहिल्यांदा २,००० रुपये आणि पुन्हा सापडल्यास ४,००० रुपये दंड आहे, कैदही होऊ शकते. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला हा विमा एकदम पाच वर्षांचा घ्यावा लागतो. म्हणूनच गाडी महाग पडल्यासारखी वाटते. पण लक्षात ठेवा, तो फक्त समोरच्यासाठी आहे. आपल्या गाडीची मोडतोड किंवा चोरी यासाठीचा विमा वेगळा असतो आणि तो दरवर्षी बघावा लागतो.

आरसीवर नाव कुणाचं

सातबाऱ्यावर नाव नसलेल्या बाईची जमिनीवर काय किंमत राहते, हे मी तुम्हाला सांगायला नको. आरसी म्हणजे गाडीचा सातबारा समजा. मालक कोण, गाडी कुठली, बँकेचा बोजा आहे का, सगळं त्यात असतं.

आपल्याकडे बहुतेक वेळा काय होतं? कर्ज बाईच्या नावावर, कारण गटाचं कर्ज तिलाच मिळतं. गाडी नवऱ्याच्या किंवा मुलाच्या नावावर, कारण "चालवणार तोच ना?" पण चालवायला लायसन लागतं, मालकीसाठी ते लागत नाही. ज्या बाईला गाडी चालवता येत नाही, तिच्या नावावरही गाडी होते. गाडीच्या जिवावर कर्ज फेडायचं असेल तर गाडी कर्ज घेणारीच्या नावावर असणं हेच सरळ. उद्या घरात वाद झाला, गाडी विकून टाकली, तर हप्ता उरतो बाईला आणि पैसे जातात दुसऱ्याकडे.

मात्र नाव आलं की जबाबदारीही येते, हेही ऐकून ठेवा. अठरा वर्षांखालच्या मुलानं गाडी चालवून गुन्हा केला, तर कायदा पालकाला किंवा गाडीमालकाला दोषी धरतो. शिक्षा आहे २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. शिवाय त्या गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन मिळत नाही. दहावीतला मुलगा "आई, जरा चौकापर्यंत जाऊन येतो" म्हणाला, तर किल्ली देताना हे आठवा.

गटासाठी म्हणून गाडी घेतली आणि अध्यक्षाबाईंच्या नावावर केली, असंही होतं. गटाच्या ठरावात काहीही लिहिलेलं असलं, तरी अपघात झाला की पोलीस आणि न्यायालय आरसीवरचंच नाव बघतात. तेव्हा तिच्या एकटीच्या डोक्यावर हे ओझं टाकताना विमा पूर्ण आहे का, चालवणाऱ्याचं लायसन चालू आहे का, हे बघणं सगळ्या गटाचं काम आहे.

जुनी गाडी घेताना, विकताना

जुनी गाडी घेणाऱ्या आपल्यात जास्त. व्यवहार कसा होतो? चहाच्या टपरीवर बसून पैसे मोजले, स्टॅम्प पेपरवर दोन ओळी लिहिल्या, किल्ली घेतली, झालं. आरसीवर नाव मात्र जुन्याच मालकाचं.

कायदा सांगतो की विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं. त्यासाठी नमुना २९ आणि नमुना ३० असतात, एजंट त्यांनाच टीटीओचे फॉर्म म्हणतात. नुसता स्टॅम्प पेपर केल्यानं आरटीओच्या दप्तरात नाव बदलत नाही.

यात विकणारीचं नुकसान जास्त आहे. २०१८ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. एका माणसानं गाडी विकली, ती पुढं एकाकडून दुसऱ्याकडं, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडं जात राहिली. नाव कुणीच बदललं नाही. शेवटच्या माणसाकडं असताना अपघात झाला. न्यायालयानं सांगितलं की दप्तरी ज्याचं नाव तोच मालक, भरपाईची जबाबदारी त्याची. गाडी हातातून जाऊन दोन वर्षं होत आली होती, तरी कोर्टाची पायरी जुन्या मालकाला चढावी लागली. तेव्हा तुमच्या घरातली जुनी फटफटी विकली असेल तर ती आज कुणाच्या नावावर आहे, हे परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर नाहीतर एमपरिवहन ॲपवर बघून घ्या. गावातल्या सेवा केंद्रातही बघून देतात.

घेणारीनं पैसे देण्याआधी चार गोष्टी बघायच्या. समोरचा माणूस आरसीवरचा मालकच आहे का. गाडीवर बँकेचा बोजा आहे का. जुनी चलनं थकली आहेत का. विमा आणि नोंदणीची मुदत बाकी आहे का. गाडी परराज्यातली असेल तर तिथल्या आरटीओचा ना-हरकत दाखला लागतो, तो नमुना २८ वर मिळतो. आणि विमाही आपल्या नावावर करायचा, त्यासाठी १४ दिवसांत विमा कंपनीला कळवायचं. कोऱ्या फॉर्मवर सही कधी करू नका, करून घेऊही नका. पूर्ण पैसे द्यायचे ते अर्ज दाखल झाल्याची पावती हातात आल्यावर.

मालक गेल्यावर

हा भाग जड आहे, पण सांगितला पाहिजे. घरचा माणूस गेला, गाडी त्याच्या नावावर, आणि ती तशीच वर्षानुवर्षं फिरत राहते. दुःखात आरटीओ कुणाला आठवतं? पण नियमात वारसासाठी वाट ठेवली आहे. मृत्यूनंतर ३० दिवसांत आरटीओला कळवलं की मालक वारले आणि गाडी मी वापरणार आहे, तर तीन महिने गाडी वापरता येते. त्या तीन महिन्यांत नमुना ३१ भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यायची. सोबत मृत्यूचा दाखला, आरसी आणि विमा लागतो. वारस अनेक असतील तर बाकीच्यांची संमतीही मागतात.

ही दगदग कमी करायची एक सोय २०२१ पासून आहे. बँकेच्या खात्याला वारसदाराचं नाव लावतो, तसं आरसीलाही लावता येतं. नवी गाडी घेताना लावता येतं आणि जुन्या गाडीला नंतर ऑनलाइन अर्ज करूनही लावता येतं. गाडी नवऱ्याच्या नावावर असेल तर तिथं तुमचं नाव लागलं आहे का, हे आजच विचारा. यात अपशकुन काही नाही. विमा काढताना आपण वारसदाराचं नाव लिहितोच की.

गटातली एखादी बहीण नुकतीच एकटी पडली असेल, तर दिवसकार्य झाल्यावर तिला भेटायला जाताना हा विषय हळूच काढा. तीस दिवस पटकन निघून जातात. तिला फॉर्म आणून द्या, सोबत एक फेरी मारा. मुदत चुकली तर गाडी जप्त होते असं नाही, पण नाव लावणं लांबतं आणि तोवर गाडी विकताही येत नाही.

हप्ते संपले, तरी काम उरतं

बँकेच्या वाहन कर्जात आरसीवर बँकेची नोंद असते, त्याला एचपी म्हणतात. शेवटचा हप्ता भरला म्हणजे ती आपोआप उतरली, असं समजू नका. बँकेकडून ना-हरकत दाखला आणि सही-शिक्क्याचा नमुना ३५ घ्यायचा, आरटीओत अर्ज करायचा, मग आरसी कोरी होते. जसा पीककर्जाचा बोजा सातबाऱ्यावरून उतरवून घ्यावा लागतो, तसंच हे.

आणखी तीन मुदती. घरच्या वापराच्या गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढं ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. पत्ता बदलला तर ३० दिवसांत कळवायचं. मालवाहू टेम्पोला मात्र वेगळा फिटनेस दाखला लागतो. पहिली आठ वर्षं तो दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी काढायचा. आरसी हरवली तर पोलिसांत नोंद करून दुसरी प्रत मिळते. ती कपाटातच ठेवायची असेल तर मोबाइलमध्ये डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमध्ये ठेवा. तिथली आरसी दाखवली तरी ती ग्राह्य धरावी, असा २०१८ पासून नियम आहे. झेरॉक्सची नुसती फोटो कॉपी गॅलरीत असणं म्हणजे डिजिलॉकर नव्हे, एवढं ध्यानात ठेवा.

पुढच्या बैठकीत एवढं करा

आता माझी एक विनंती. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं घरातल्या गाडीची आरसी आणि विम्याचा कागद पिशवीत घालून आणा. गटाची लिहिणारी ताई वहीत पाच रकाने आखेल. गाडीचा नंबर, आरसीवरचं नाव, नोंदणीची शेवटची तारीख, विम्याची शेवटची तारीख, आणि बोजा आहे की नाही. अर्ध्या तासाचं काम आहे. ज्या घरात नाव वेगळं, मुदत संपलेली किंवा गाडी विकून नाव तसंच राहिलेलं आढळेल, त्या चार-पाच जणींनी मिळून एकाच दिवशी सेवा केंद्रात जायचं. एकटीला जे अवघड वाटतं, ते चौघी गेल्या की सोपं होतं. आणि फी भरली की पावती घ्यायचीच.

दुसरं, गटात एक ठराव घ्या. गाडीसाठी कर्ज दिलं तर आरसीची प्रत गटाच्या फायलीत लागेपर्यंत त्या कर्जाचं काम पूर्ण झालं असं धरायचं नाही. बँक आपली नोंद आरसीवर चढवते, पण गटाच्या अंतर्गत कर्जाची तशी नोंद नसते. निदान प्रत तरी आपल्याकडं असावी, आणि तिच्यावर कर्ज घेणाऱ्या ताईचं नाव असावं.

तुमच्या गाडीच्या कागदाबद्दल काही अडलं असेल तर गटाच्या बैठकीत विचारा किंवा आपल्या रेडिओ केंद्रावर चिठ्ठी पाठवा. जमतील तेवढ्या प्रश्नांची उत्तरं पुढच्या वेळी घेऊ. तोवर गाडी सावकाश चालवा, पदर आणि ओढणी चाकापासून सांभाळा, हेल्मेट घाला. नमस्कार.